शनिवारी इन्शुलिन पाठवायचं नाही

गेले तीन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. एका मित्राने तर फोन करून विचारलं, "काय रे, लग्नबिग्न ठरलं की काय?" नाही बाबा, तसलं काही नाही. एका ओळीने माझे तीन वीकेंड खाल्ले. ती ओळ मीच लिहिलेली होती, आणि ती अशी:

"दिलेल्या ऑर्डरसाठी डिस्पॅच तयार करते."

वाचून बघा. काय चुकलंय यात? मलाही काही दिसलं नव्हतं. एका गुरुवारी संध्याकाळी, कंपनीची बस सुटायच्या आधी, अशा ४१ ओळी मी एका दमात लिहून मोकळा झालो होतो. त्यातल्या प्रत्येक ओळीला फार तर एखादं मिनिट दिलं असेल. एरवी साध्या फंक्शनच्या नावावरून अर्धा तास भांडणारा मी!

सुरुवातीपासून सांगतो. आमचा एक क्लायंट आहे, सोलापूरचा. औषधांचा होलसेल धंदा. आजूबाजूच्या तालुक्यांतले केमिस्ट त्यांना व्हॉट्सॲपवर ऑर्डरी टाकतात आणि यांच्याकडून माल बांधून जातो. ऑर्डरचा नमुना बघा: "मॅडम नेहमीचा माल पाठवा, शुगरची ती पांढरी पट्टी २०, आन परवाचं राहिलेलं." बस्स, एवढंच. यावर माल निघतो आणि बरोबर पोचतो. हे काम गेली कित्येक वर्षं तिथे एक बाई करतात. त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणतो. मालकांना वाटलं की आता एआय आलंय तर ऑर्डरी त्यानेच घ्याव्यात. आणि आमच्या कंपनीला वाटलं की, वा! छान, बिलिंग सुरू.

आता ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडंसं (बाकीच्यांनी हा परिच्छेद उडी मारून गेलात तरी चालेल). भाषेचं मॉडेल मुळात फक्त मजकूर लिहितं. त्याला हात नसतात. हात द्यायचे म्हणजे टूल्स द्यायची: स्टॉक बघण्याचं एक, बिल करण्याचं एक, असं. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेल्सना अशी फंक्शन्स बोलावण्याची सोय दिली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी नावाचा प्रोटोकॉल जाहीर केला, आणि मग जो तो आपापल्या जुन्या सिस्टीमला टूल्स चिकटवत सुटला. त्यात आम्हीही. पण यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, माझ्याही राहिली नव्हती. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला टूलचं नाव दिसतं, त्याखालचं वर्णन दिसतं आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं ते दिसतं. संपलं.

म्हणजे असं समजा की तुम्ही एका परक्या ऑफिसात पहिल्याच दिवशी कामाला बसलाय. समोर ४१ बटणं आहेत, प्रत्येकाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नाही. बटण दाबलं की भिंतीपलीकडे काय होतं ते दिसत नाही. आणि रात्री घरी गेलात की दिवसभराचं सगळं विसरता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलाच दिवस! अशा माणसासाठी मी चिठ्ठी लिहिली होती "डिस्पॅच तयार करते".

तर ट्रायल सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. डॅशबोर्ड मस्त हिरवागार. आमच्या मॅनेजरने क्लायंटच्या कौतुकाची मेल सगळ्या ग्रुपला फॉरवर्ड वगैरे केली होती. आणि मग मे महिन्यातला तो शनिवार आला.

संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी करमाळ्याकडच्या एका केमिस्टचा मेसेज आला. इन्शुलिनच्या पेनाची कार्ट्रिज संपत आलीत, लवकर पाठवा. एजंटने स्टॉक पाहिला, बिल केलं, डिस्पॅच तयार केला आणि वर "आपला माल आज निघत आहे" असा अदबशीर मेसेजही टाकला. गोडाऊनमधल्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर आली. तिथल्या पोराने चिठ्ठीबरहुकूम खोका बांधला, आत बर्फाच्या पिशव्या घातल्या आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नेऊन ठेवला. त्या रूटची गाडी शनिवारी ५ ला सुटते. रविवारी गाडीच नसते. खोका सोमवारपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिला.

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. सोलापूरचा मे ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. सोमवारी केमिस्टने खोका उघडला, पिशव्यांना हात लावून बघितला आणि सगळा माल परत पाठवला. शहाणा माणूस. कारण उष्णतेने इन्शुलिनची ताकद गेली तरी ते बाहेरून बऱ्याचदा आहे तसंच दिसतं. त्याने ते तसंच विकलं असतं तर कुणाची तरी शुगर वाढत राहिली असती, डॉक्टरने डोस वाढवला असता, घरच्यांनी "आजी, गोड खाता का चोरून?" म्हणून तिला बोल लावले असते. आणि त्याचं मूळ माझ्या गुरुवारच्या त्या ओळीत आहे हे जन्मात कुणाला कळलं नसतं. हे असं सगळं डोळ्यांसमोर आलं तेव्हा खरं सांगतो, पोटात खड्डा पडला. प्रत्यक्षात एवढंच झालं की त्या गावातल्या एका पेशंटचा मुलगा बाईकवरून बार्शीला जाऊन इन्शुलिन घेऊन आला. एवढंच म्हणायचं, पण मे महिन्याचं ऊन होतं आणि फेरी त्याला पडली, मला नाही.

सोमवारची मीटिंग अगदी ठरल्याप्रमाणे झाली. "मॉडेल हॅल्यूसिनेट झालं." "मोठं मॉडेल घेऊ या." "टेंपरेचर कमी करून बघितलं का?" (हा शेवटचा प्रश्न इन्शुलिनबद्दल नव्हता, मॉडेलच्या सेटिंगबद्दल होता, पण तेव्हा कुणाला हसू आलं नाही.) मीही मान डोलावली. कबूल करतो. मॉडेलवर ढकलणं फार सोयीचं असतं, ते काही मीटिंगला येत नाही.

रात्री रूमवर बसून लॉग काढला. एजंटने बटण दाबण्याआधी काय विचार केला तो मजकूर आम्ही साठवतो. तिथे लिहिलं होतं की केमिस्टला घाई आहे, माल शिल्लक आहे, बिल झालेलं आहे, तेव्हा लगेच डिस्पॅच तयार करणं योग्य. यात चूक काय आहे? दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. त्याने काही म्हणजे काही मनातून बनवलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग पहिला वीकेंड मी तेच केलं जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. सगळं सांगून टाकायचं! ४१ टूल्सची वर्णनं पानपानभर वाढवली. प्रत्येकात "महत्त्वाचे", "काळजीपूर्वक", "कोणत्याही परिस्थितीत" वगैरे शब्द पेरले. निकाल? आधीपेक्षा वाईट. एक तर ही सगळी वर्णनं प्रत्येक वेळी मॉडेलसमोर ठेवावी लागतात, म्हणजे साध्या "माल आला का?" या मेसेजसाठी त्याला माझं अख्खं पुराण वाचायला लागायचं आणि त्याचे पैसे लागायचे. दुसरं म्हणजे सगळंच महत्त्वाचं म्हटल्यावर काहीच महत्त्वाचं राहिलं नाही. इतकं घाबरवल्यामुळे की काय, क्रोसिनची पट्टी पाठवायलासुद्धा तो परवानगी मागायला लागला.

आमची टीम लीड (ही फार कमी बोलते) सोमवारी म्हणाली, "तू हे सगळं कुठून लिहिलंस?"

"कोडवरून."

"मग सोलापूरला जा."

दुसरा वीकेंड सोलापूर. शुक्रवारी रात्री पोचलो, शनिवारी सकाळी ९ ला गोडाऊनमध्ये. औषधांच्या गोडाऊनला एक वास असतो, पुठ्ठा आणि बी-कॉम्प्लेक्स यांचा मिळून. ताई आधीच आलेल्या होत्या. टेबलावर दोन फोन, एक वही, डबा. मला बघून म्हणाल्या, "या सर, तुमचा तो काय म्हणतो?" एजंटला त्या 'तो' म्हणतात. नवीन भरती झालेल्या पोराबद्दल बोलावं तसं.

मी लॅपटॉप उघडून माझी ती ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी पाच सेकंदसुद्धा घेतले नाहीत.

"डिस्पॅच म्हणजे काय? बिल झालं ते, का खोका बांधला ते, का गाडी सुटली ते?"

आमच्या कोडमध्ये डिस्पॅच म्हणजे टेबलात एक नवीन ओळ. ऑफिसात त्याचा अर्थ बिल हातावेगळं झालं. गोडाऊनमध्ये त्याचा अर्थ खोका बांधायला घ्या. आणि केमिस्टच्या लेखी त्याचा अर्थ माल वाटेवर आहे, संध्याकाळी पोचेल. एक शब्द, चार माणसं, चार अर्थ, आणि मी आपला तो टूलच्या वर्णनात टाकून बसला गाठायला पळालो.

मग दिवसभर मी फक्त शेजारी खुर्ची टाकून बसलो. मेसेज आला की त्या काय करतात, का करतात, एवढंच विचारायचं. एक केमिस्ट लिहितो, "१०+१ पाठवा". आमचा एजंट बेरीज करून ११ चं बिल करत होता. औषधांच्या धंद्यात १०+१ म्हणजे स्कीम: १० चे पैसे, १ फुकट. दुसरा लिहितो, "५ नग". गोळ्यांचा नग म्हणजे पट्टी, सिरपचा नग म्हणजे बाटली, आणि यांच्याकडे पेनाच्या इन्शुलिनचा नग म्हणजे ५ कार्ट्रिजचा बॉक्स. माझ्या टूलमध्ये या रकान्याचं नाव होतं 'संख्या', आणि वर्णन होतं, धरून बसा, "संख्या". तिसरा लिहितो, "परवाची ऑर्डर कॅन्सल". आता परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस की उद्याच्या नंतरचा? आपल्या भाषेत दोन्ही! ताई अशा वेळी सरळ फोन लावतात. "गेलेली का यायची?" एवढं विचारतात आणि ठेवतात.

मी विचारलं, "हे अकराचं बिल तीन आठवडे होत असणार. मग तक्रार कशी नाही आली?"

त्या म्हणाल्या, "मी रोज संध्याकाळी बसून नीट करते की."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी वही उघडली. तीन आठवडे, रोजच्या पानावर, एजंटने केलेली चुकीची बिलं, शेजारी लाल पेनने दुरुस्ती. १०+१ च्या ओळी तर ढीगभर. नग-बॉक्सच्या भानगडी. शनिवारी दुपारनंतर निघालेली थंड मालाची दोन चिठ्ठ्यांची पाखरं, जी त्यांनी प्रिंटरमधून काढून फाडली होती आणि खोके फ्रिजमध्ये ठेवायला लावले होते. कुणाला काही बोलल्या नव्हत्या. "नवीन आहे, चुकणारच," म्हणाल्या. तो एक शनिवार मात्र त्या रजेवर होत्या. भाचीचं लग्न होतं.

म्हणजे आमचा हिरवागार डॅशबोर्ड... जाऊ दे.

"शनिवारी इन्शुलिन पाठवायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोण शिकवणार? २००९ साली माझ्याच हातून एक खोका असाच वाया गेला. मालक काही बोलले नाहीत. फक्त तो खोका तीन दिवस माझ्या टेबलावर ठेवला."

दुपारी त्यांच्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याही पानात आली. खाता खाता त्यांनी अगदी सहज, हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारलं, "हे सगळं तुमच्या त्याला लिहून दिलं, की मग मी काय करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडे प्रेझेंटेशनमध्ये याची फार छान छान उत्तरं असतात, माणूस अधिक मूल्याच्या कामाकडे वळेल वगैरे. ती तिथे, त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये, ताटातली चटणी समोर असताना तोंडातून बाहेर येईनात. मी म्हणालो, "माहीत नाही ताई." त्या म्हणाल्या, "बरं." आणि त्या दुपारी मला आणखी १७ गोष्टी लिहून दिल्या. मी मोजल्या.

तिसरा वीकेंड लिहिण्यात गेला. रविवारी मध्ये आईबाबांकडे कोथरूडला चक्कर टाकली, कारण धुण्याचे कपडे साठले होते. खाली पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटारीजवळ सोसायटीच्या एका काकांनी लावलेली पाटी आहे. लहानपणापासून बघतोय, कधी वाचली नव्हती. त्या दिवशी उभं राहून वाचली. खालच्या टाकीत वितीपेक्षा कमी पाणी असेल तर मोटार लावू नये, जळते. आधी लाल व्हॉल्व्ह उघडावा. वरची टाकी भरायला ४० मिनिटे लागतात. पाणी जिन्यात आले म्हणजे आपण विसरलात. आवाज बदलला तर बंद करून दुसरा मजला, डावीकडचे दार वाजवावे. पुणेरी पाट्यांना आपण हसतो, पण ते काका रिटायर व्हायच्या आधी मशीनशॉपला होते आणि त्यांना बरोबर माहीत होतं की ही मोटार एक दिवस असा कुणीतरी लावणार आहे ज्याला काहीच ठाऊक नाही. मोटार कशी फिरते याबद्दल पाटीत एक अक्षर नाही. कधी लावायची, कधी नाही, आधी काय करायचं, बिनसलं हे कशावरून ओळखायचं आणि मग कुणाकडे जायचं, एवढंच आहे. मी फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला.

मग ती ओळ नव्याने लिहिली. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतो:

"बिल झालेल्या ऑर्डरची ट्रान्सपोर्टची चिठ्ठी गोडाऊनमध्ये छापते. चिठ्ठी छापली की खोका लगेच बांधला जातो, त्यानंतर हे मागे घेता येत नाही. माल नुसता बाजूला काढून ठेवायचा असेल तर हे वापरू नका, 'माल_राखून_ठेवा' वापरा. फ्रिजमधला माल (उदा. इन्शुलिन) वाटेत सुट्टीचा दिवस येत असेल तर निघत नाही, म्हणून आधी 'पुढची_गाडी' बघा. केमिस्टला माल निघाल्याचं सांगू नका, गाडीचा दिवस आणि वेळ सांगा."

नावही बदललं. 'डिस्पॅच' हा शब्द हद्दपार. आता ते 'ट्रान्सपोर्ट_चिठ्ठी_छापा' आहे. लांबलचक आणि बावळट दिसतं, माझ्यातल्या इंजिनिअरला अजून टोचतं, पण वाचणाऱ्याला गोंधळायला जागा उरत नाही. 'संख्या' गेली, तिच्या जागी 'विकलेले_नग' आणि 'फुकट_नग' असे दोन रकाने आले, आणि शेजारी 'नगाचा_प्रकार', ज्यात पूर्वी १, २, ३ असे आकडे होते तिथे आता पट्टी, बाटली, बॉक्स असे शब्द आहेत. तारीख पूर्ण हवी, वर्षासकट, म्हणजे ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे ही भानगड नको. ४१ टूल्सची १४ झाली, कारण 'ऑर्डर_शोधा', 'ऑर्डर_बघा' आणि 'ऑर्डर_यादी' यांच्यात फरक काय हे मलाच नीट सांगता येईना. माणसाला फरक सांगता येत नसेल तर मॉडेलला कुठून कळणार?

आणि एक गोष्ट उशिरा का होईना कळली, की शनिवारचा नियम नुसत्या वर्णनात ठेवणं हा शुद्ध आळस आहे. वर्णन वाचून मॉडेल बहुतेक वेळा बरोबर वागेल, पण 'बहुतेक' हा शब्द इन्शुलिनला चालत नाही. तो नियम आता कोडमध्ये आहे, टूल चिठ्ठी छापतच नाही. पूर्वी अशा वेळी ते "एरर ४२२" असं म्हणून गप्प बसलं असतं आणि एजंटने बिचाऱ्याने तेच बटण आणखी चारदा दाबलं असतं. आता ते म्हणतं, "फ्रिजमधला माल आज निघू शकत नाही. या रूटची पुढची गाडी सोमवारी आहे. तो दिवस घालून पुन्हा करा." हेही वर्णनच की, फक्त चूक झाल्यावर वाचायला मिळणारं.

हे करताना जाणवलं की आपण काही वेगळे मूर्ख नाही. अँथ्रॉपिकच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलेल्या लेखात असाच एक किस्सा आहे. त्यांचा कोडिंग एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फायलींचे अर्धवट पत्ते देऊन चुकायचा. त्यांनी टूल असं बदललं की पूर्ण पत्ताच द्यावा लागेल, आणि तो गोंधळ थांबला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की त्यांचं मॉडेल इंटरनेटवर काही शोधताना गरज नसताना मागे '२०२५' जोडायचं. तेही टूलचं वर्णन सुधारून ताळ्यावर आलं. जपान्यांकडे याला पोका-योके म्हणतात, चूक होऊच नये अशी रचना. आधी शब्द बाका-योके होता, म्हणजे मूर्खापासून बचाव. टोयोटाबरोबर काम केलेल्या शिगेओ शिंगोंनी तो बदलला, कारण काम करणाऱ्याला मूर्ख म्हटल्यासारखं होतं. मला हे फार आवडलं. चूक बटण दाबणाऱ्याची नसते, चिठ्ठी लिहिणाऱ्याची असू शकते, हे त्यांनी शब्दातच घालून ठेवलं.

वर्णनं तपासायची आमची पद्धत आता एकदम देशी आहे. टीममध्ये दोनच आठवड्यांपूर्वी एक फ्रेशर मुलगी आली आहे. तिला औषधातलं काही कळत नाही, आमच्या कोडमधलंही नाही, म्हणजे अगदी योग्य उमेदवार. ताईंच्या वहीतले जुने मेसेज एकेक करून तिच्यासमोर ठेवतो, सोबत १४ वर्णनं. तू कुठलं बटण दाबशील, सांग. ती जिथे अडते तिथे एजंटही अडतो, हे इतक्यांदा जुळलंय की आता मी आधी तिच्याकडे जातो आणि मग मॉडेलकडे. ती मात्र थोडी वैतागली आहे. म्हणते, मी कोडिंग करायला आले होते :)

चौदावं टूल शेवटी घातलं. 'ताईंना_विचारा'. ते केलं की प्रश्न सरळ ताईंच्या फोनवर जातो आणि उत्तर येईपर्यंत एजंट थांबतो. याचं वर्णन मी लिहिलं नाही, त्यांनाच लिहायला सांगितलं. फोनवर त्यांनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं: "नेहमीचा माल म्हणाला आणि मागच्या महिन्यात दोन वेगवेगळे माल गेले असतील तर विचारा. परवा म्हणाला तर विचारा. लहान मुलाचं औषध आणि आकडा नेहमीपेक्षा मोठा असेल तर विचारा. मी जेवत असले तरी विचारा. एकाच गोष्टीला दोनदा विचारू नका." शेवटचं वाक्य वाचून आमची टीम लीड पहिल्यांदाच मोठ्याने हसली. एक शब्दही न बदलता तसंच टाकलंय. १४ मध्ये सगळ्यात चांगलं चालतं ते हेच.

ताईंचं पुढे काय, हे मला अजूनही माहीत नाही. मी मालकांना ती लाल पेनची वही दाखवली, म्हटलं, ट्रायल यशस्वी झाली ती यांच्यामुळे झाली. ते बराच वेळ पानं उलटत होते. म्हणाले, "बघू." मालक लोकांच्या 'बघू'चा अर्थ कुठल्याच वर्णनात सापडत नाही. सध्या तरी त्या आहेत, आणि प्रश्नांना उत्तरं देतायत.

काल शनिवार होता. संध्याकाळी मला त्यांचा एक स्क्रीनशॉट आला. एजंटने ५ वाजून २० मिनिटांनी त्यांना विचारलं होतं की अमुक केमिस्टचं इन्शुलिन आहे, गाडी सुटली आहे, माल फ्रिजमध्ये ठेवून सोमवारची वेळ सांगू का? मी खूष! आता कौतुक वाचायला मिळणार म्हणून खाली सरकवलं. खाली ताईंनी लिहिलं होतं:

"बरोबर विचारलं. पण ऑर्डर पावणेपाचला आली होती. तेव्हा विचारलं असतं तर मी गाडीवाल्याला दहा मिनिटं थांबवलं असतं. त्याला सांगा."

लॅपटॉप उघडून 'पुढची_गाडी'चं वर्णन बदलायला बसलोय. हे पोस्ट त्यामुळे रविवारी सकाळी येतंय.